कोयनेचे साडेसदुसष्ट टीएमसी : पश्चिमेचा उतार आणि पूर्वेची तहान

येरळाकाठ (धागालेखक)

मी मूळचा सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातला. आमच्याकडे दर उन्हाळ्यात, आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी तर गणपतीपासूनच, एक वाक्य पारापारावर ऐकू येते : कोयनेचे पाणी पूर्वेला वळवले असते तर आपली ही दैना झाली नसती. लहानपणापासून हे वाक्य ऐकत आलो आणि अनेकदा स्वतःही ठासून बोललो. मात्र यंदा थोडा निवांतपणा मिळाल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि हिशेब मांडला. त्यात काही गोष्टी अपेक्षेप्रमाणे निघाल्या, काही अगदी उलट निघाल्या. जाणकारांकडून तपासून घ्यावा म्हणून तो येथे देतो.

ज्यांना भूगोल ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य कण्याला समांतर अशी दक्षिणेकडे वाहत हेळवाकपर्यंत येते. तेथे काटकोनात पूर्वेला वळून पाटणमार्गे कऱ्हाडला कृष्णेला मिळते. हेळवाकच्या वळणाजवळ ती कोकणच्या कड्याच्या इतकी निकट असते, की डोंगराच्या पलीकडे वाशिष्ठीचे खोरे थेट पाचशे मीटर खाली दिसते. हाच तो सगळा खेळ. वळणाच्या अलीकडे १०३ मीटर उंचीचे आणि सुमारे ८०८ मीटर लांबीचे धरण बांधले, मागे शिवसागर जलाशय तयार झाला आणि नदीचे पाणी भुयारातून डोंगराच्या पोटात उतरवून पोफळीला चक्रांवर (टर्बाइनवर) सोडले. पहिल्या टप्प्याची वीज १९६२ मध्ये सुरू झाली. धरणाची मूळ साठवण ९८.७८ टीएमसी (अब्ज घनफूट) होती. पुढे दरवाजांवर झडपा बसवून ती १०५.२५ टीएमसी करण्यात आली.

कृष्णेच्या पाण्याचे राज्यांत वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवण्यास मान्यता दिली. आमच्या पाराचा रोष असतो तो याच आकड्यावर.

आता हिशेब. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. एक घनमीटर पाणी ४८० मीटर खाली उतरले आणि यंत्रांची कार्यक्षमता नव्वद टक्के धरली, तर पोफळीला साधारण १.१८ युनिट वीज मिळते. तेच पाणी पुढे कोळकेवाडीच्या तिसऱ्या टप्प्यात आणखी सुमारे १०९ मीटर उतरते आणि पाव युनिटाहून थोडी अधिक वीज देते. म्हणजे एका टीएमसीमागे चार कोटी युनिटांच्या आसपास वीज. याउलट जे पाणी पूर्वेला सोडतात, ते धरणाच्या पायथा वीजगृहातून जाते आणि तेथे एका टीएमसीला कसेबसे अर्धा कोटी युनिट पडतात. पश्चिमेचा उतार पूर्वेपेक्षा आठपट दाम देतो, हे मला मान्य करावे लागले.

पण माझे गणित येथेच थांबत नाही. आमच्याकडे कृष्णेचे पाणी टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी येते, म्हणजे पंपांनी मजल दरमजल वर चढवले जाते. एकूण उपसा तीनशे मीटर धरला तर एका घनमीटराला एक युनिटाहून अधिक वीज खर्च होते. थोडक्यात, एक घनमीटर पाणी पश्चिमेला सोडले तर दीड युनिट जवळपास हाती येते आणि पूर्वेला आमच्या शिवारात आणले तर एक-सव्वा युनिट हातचे जाते. हा अडीच-पावणेतीन युनिटांचा फरक पिकाने भरून निघतो का, हा या धाग्याचा प्रश्न आहे. भावनेने उत्तर देऊ नये, एवढीच विनंती.

---

गव्हर्नर_उघडा

येरळाकाठ यांचे अभिनंदन. पाण्याच्या वादात कोणी घनमीटर आणि युनिट यांची सांगड घालून लिहिले, की माझ्यासारख्या निवृत्त माणसाला बरे वाटते. नोकरीची बरीच वर्षे मी जलविद्युत क्षेत्रात काढली, त्यामुळे आपल्या हिशेबात एक मोठी भर घालतो. आपले आकडे बरोबर आहेत, परंतु आपण सगळी युनिटे एकाच भावाने मोजली आहेत, आणि तेथे कोयनेचे खरे मोल हरवते.

कोयनेची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. पहिल्या टप्प्यात ७० मेगावॉटचे चार संच, दुसऱ्यात ८० चे चार, तिसऱ्यात कोळकेवाडीला पुन्हा ८० चे चार, चौथ्यात २५० चे चार आणि पायथ्याशी २० चे दोन. पायथा सोडून उरलेले १,९२० मेगावॉट वर्षभर अखंड चालले असते तर सुमारे १,६८० कोटी युनिटे मिळाली असती. साडेसदुसष्ट टीएमसीत मिळतात आपल्या हिशेबाने पावणेतीनशे कोटींच्या आसपास. म्हणजे सहावा हिस्सा. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, हे सारे संच पूर्ण भाराने दिवसाला सरासरी चार तासच चालू शकतात; पाण्याचा वाटाच तेवढा आहे.

चारच तास चालवण्यासाठी एवढा खटाटोप कशाला केला, असे कोणालाही वाटेल. १९९० च्या दशकात चौथा टप्पा बांधला तेव्हा पाण्याचा वाटा एका थेंबानेही वाढला नव्हता, तरीही त्यासाठी एक हजार मेगावॉटची यंत्रे डोंगरात बसवली. कारण असे, की औष्णिक संच थंड अवस्थेतून भारावर यायला कित्येक तास घेतो आणि त्याला वारंवार वरखाली करणे त्याच्या बाष्पकाला (बॉयलरला) मानवत नाही. पाण्याचा संच मात्र काही मिनिटांत पूर्ण भार उचलतो. संध्याकाळी राज्यभर दिवे, पंखे आणि आता वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी सुरू होतात, तेव्हा कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राचा हात सर्वप्रथम कोयनेकडे जातो. चंद्रपूरचा एखादा मोठा संच अचानक बंद पडला तरीही तसेच. मागणीच्या शिखरावर जे युनिट मिळते, त्याची तुलना मध्यरात्रीच्या युनिटाशी करता येत नाही. लग्नघरातल्या ऐन पंगतीच्या वेळच्या वाढप्याची तुलना दुसऱ्या दिवशी आलेल्या वाढप्याशी करण्यासारखे ते होईल.

आता चौथ्या टप्प्याविषयी थोडे, कारण तो विषय माझ्या आवडीचा आहे. तुडुंब भरलेल्या जलाशयाला, तो रिकामा न करता, तळाजवळ भोक पाडायचे कसे? त्यासाठी भुयार खालच्या बाजूने खणत नेऊन जलाशयाच्या तळाशी खडकाचा एक जाड बूच तेवढा शिल्लक ठेवतात आणि शेवटी सुरुंगाने तो एकाच क्षणी उडवतात. त्याचे तुकडे मावावेत म्हणून खाली आधीच खड्डा खणलेला असतो. नॉर्वेकडे या तंत्राचा दांडगा अनुभव होता. त्यांच्या साहाय्याने १३ मार्च १९९९ रोजी हे 'लेक टॅपिंग' झाले आणि आशियातला पहिला प्रयोग म्हणून गाजले. जलाशयाची पातळी आणखी खाली गेली तरी पाणी घेता यावे म्हणून दुसरे टॅपिंग २५ एप्रिल २०१२ रोजी झाले. बाहेरून पाहणाऱ्याला पाण्यावर एक उमाळा येऊन विरल्यासारखे दिसते, बस्स. पण त्या क्षणापूर्वी किती रात्री अभियंत्यांनी पाण्याच्या आणि हवेच्या दाबाची आकडेमोड करण्यात घालवल्या असतील, याची कल्पना त्या क्षेत्रातल्या माणसालाच येईल.

---

सह्यवाट

एक शंका आहे. पोफळीला पेल्टन चक्रे आहेत असे वाचले होते, आणि चौथ्या टप्प्यात फ्रान्सिस. उतार जवळपास तेवढाच असताना हा फरक का केला?

---

गव्हर्नर_उघडा

प्रश्न मार्मिक आहे. पेल्टन चक्रात पाण्याची धार वाट्यांवर आदळते, फ्रान्सिसमध्ये पाणी चक्राला सर्व बाजूंनी वेढून दाबाने आत शिरते. पहिल्या दोन टप्प्यांच्या काळात पावणेपाचशे मीटरच्या उतारासाठी पेल्टन ही रुळलेली आणि निर्धोक निवड होती. पुढे धातुशास्त्र सुधारले, एवढ्या दाबाला पुरणारी फ्रान्सिस चक्रे बनू लागली, आणि २५० मेगावॉटसारखा मोठा संच आटोपशीर जागेत बसवायचा तर फ्रान्सिस सोयीचे पडते. डोंगराच्या पोटातली गुहा जितकी लहान, तितका खर्च आणि धोका कमी. शिवाय पेल्टन चक्र खालच्या पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावे लागते, त्यामुळे थोडा उतार वाया जातो. फ्रान्सिसला तो तोटा नाही.

पाण्याचा प्रवासही सांगून ठेवतो. जलाशयातून अधिजल भुयार, त्याच्या शेवटी उल्लोळ विहीर, तेथून पोलादी अस्तराचे तिरपे दाबविवर आणि मग वीजगृह. अचानक संच बंद पडला, की साडेतीन किलोमीटरांहून लांब भुयारातले धावते पाणी थांबायचे कोठे? ते उल्लोळ विहिरीत उसळून वर चढते आणि आंदोलने घेत शांत होते. विहीर नसती तर त्या धडकेने भुयार फुटले असते. वीज निर्माण करून बाहेर पडलेल्या पाण्याला 'अवजल' म्हणतात.

---

वाशिष्ठीतीर

त्या अवजलाच्या काठी आमचे घर आहे, म्हणून लिहितो.

घाटावरच्या मंडळींच्या बोलण्यात कोयनेचे पाणी 'समुद्रात वाया जाते' हा शब्दप्रयोग इतक्या सहजपणे येतो, की मध्ये चिपळूण नावाचे गाव आहे याचाच विसर पडतो. अवजलामुळे वाशिष्ठी भर मे महिन्यातही वाहती राहते. कोकणातल्या इतर नद्या फेब्रुवारीतच खडक उघडे टाकतात, हे लक्षात घेतले तर याचे महत्त्व कळेल. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीला पाणी याच नदीतून जाते. हे अवजल मुंबईकडे न्यावे असे प्रस्ताव अधूनमधून येतात, तेव्हा आम्हालाही आमची बाजू मांडावी लागते.

दुसरी बाजू मात्र तितकीच खरी आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाले, तेव्हा अनेकांनी कोळकेवाडीकडे बोट दाखवले. मी भावना बाजूला ठेवून एवढेच मोजले : तिसरा टप्पा पूर्ण भाराने चालला तर त्यातून साडेअकरा हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफुटांच्या) आसपास पाणी बाहेर पडते, म्हणजे दिवसाला एक टीएमसी. कोळकेवाडी धरणाचा साठाच मुळात सव्वा टीएमसीच्या आसपास, त्यामुळे वर पोफळी आणि चौथा टप्पा चालू असतील तर खाली पाणी रोखून धरायला जागा उरत नाही. त्या दिवशी खोऱ्यात कोसळलेल्या पावसापुढे आणि भरतीपुढे हा आकडा लहान असेल, सारे खापर वीजगृहावर फोडणे मला पटत नाही. पण पाणी गळ्याशी आलेले असताना वरून येणारा प्रत्येक हजार क्युसेक मोजला जातो. तेव्हा येरळाकाठ, 'कोणत्या तासाला किती पाणी' हा प्रश्न तुमच्याइतकाच आमचाही आहे. तुम्हाला तो उन्हाळ्यात पडतो, आम्हाला आषाढात.

---

कांदाटकर

आतापर्यंत चर्चेत पाणी पूर्वेला गेले, पश्चिमेला गेले, भुयारातून उतरले आणि पंपाने चढले. ते ज्या जमिनीवर साठले, त्या जमिनीचा हिशेब अजून कोणी मांडला नाही.

माझ्या आजोबांचे शिवार शिवसागराच्या तळाशी आहे. गावाचे नाव लिहीत नाही, कारण ते आज कागदावरही धड उरलेले नाही. जमिनी गेल्या त्या काळात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. राज्यात प्रकल्पग्रस्तांसाठी तसा कायदा झाला तो १९७६ मध्ये, म्हणजे पहिले संच फिरू लागल्यावर चौदा वर्षांनी. खोऱ्यातली माणसे ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशी चहूकडे पांगली. भातखाचरे आणि नाचणीचा डोंगरउतार सोडून कोणी काळ्या मातीच्या रखरखीत माळावर जाऊन पडले, तर कोणी डोंगरात वर सरकून राहिले. आमचे घर दुसऱ्या प्रकारातले. माझ्या वडिलांनी एका कचेरीत वारसनोंदीच्या एका कागदासाठी इतकी वर्षे खेटे घातले, की त्या कचेरीतले तीन शिपाई त्यांच्या डोळ्यांदेखत निवृत्त झाले. श्रमिक मुक्ती दलाने डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली कोयनेच्या धरणग्रस्तांची आंदोलने उभी केली, तेव्हा कोयनानगरच्या मैदानात बसलेल्यांमध्ये तिसरी पिढी होती. आजोबांची जमीन गेली आणि नातू मोबदला मागत होता.

वर डोंगरात राहिलेल्यांचे पुढे असे झाले, की १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. पुन्हा उठण्याची पाळी आली.

जलाशयापलीकडच्या वाड्यांना अजूनही लाँच हाच आधार आहे. आपणास एक गोष्ट सांगतो, जी कोणत्याही हिशेबात येत नाही. गव्हर्नर_उघडा म्हणतात तसे उन्हाळ्यात संध्याकाळची मागणी वाढली, की पाणी झपाट्याने उतरते. मग लाँचचा धक्का रोज मागे जातो. मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचे, तर गाळ तुडवत आधी पाण्यापर्यंत पोहोचावे लागते. आणि आमच्या घरात विजेचा पहिला दिवा लागला, तेव्हा पोफळीचे संच फिरू लागल्याला तीन दशके उलटून गेली होती.

---

येरळाकाठ

कांदाटकर, आपला प्रतिसाद वाचून पुष्कळ वेळ काहीच लिहिता आले नाही. माझ्या हिशेबाला तळ नव्हता, तो आपण दाखवलात. आमच्या तालुक्यात कोयनेचे धरणग्रस्त वसलेले आहेत. शाळेत माझ्या बाकावर त्यांच्यातला एक मुलगा असे. आम्ही त्याला 'धरणातला' म्हणून चिडवत असू. ज्या पाण्यासाठी त्याचे गाव गेले, त्याच पाण्याची वाट पाहत तो आमच्याबरोबर टँकरच्या रांगेत उभा राही, ही विसंगती तेव्हा कोणाच्याही ध्यानात आली नाही.

---

भूस्तर

धाग्यावर कोयनेचा विषय निघाला आणि भूकंपाचा उल्लेख शंभर ओळींत आला नाही, हे नवलच. माझा अभ्यासाचा विषय असल्याने सविस्तर लिहितो. ज्यांना पाण्याच्या वाट्यातच रस आहे त्यांनी क्षमा करावी, पण या धरणाचे वय आणि त्याचे पाणी या दोन्हींशी हा प्रश्न जोडलेला आहे.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी बसलेल्या धक्क्याची तीव्रता ६.३ होती. सुमारे १८० माणसे दगावली, कोयनानगरमधील बहुतेक घरे पडली, वीजगृह बंद झाले आणि मुंबईचे कारखाने ठप्प झाले. तोवर दख्खनचे पठार हे भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जात होते. जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि लगेच लहान धक्के जाणवू लागले होते. त्यामुळे धरणाच्या पाण्याने भूकंप घडतो का, या प्रश्नाच्या जागतिक चर्चेत कोयनेचे नाव अग्रभागी आले आणि आजही तेथेच आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाण्याच्या 'वजनाने' जमीन खचते आणि भूकंप होतो, असे सर्रास सांगितले जाते. भूकंपाला लागणारी ऊर्जा खडकात लाखो वर्षे साठत आलेली असते. जलाशय ती निर्माण करत नाही. तो करतो ते एवढेच, की भेगांमधून खोलवर पाणी झिरपते, भेगेतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि एकमेकांवर दाबून बसलेले खडकांचे पृष्ठभाग किंचित सैल होतात. जे भूकंप आज ना उद्या झाले असते, ते आज होतात. म्हणूनच पावसाळ्यात जलाशय किती वेगाने भरतो आणि किती काळ भरलेला राहतो, यांच्याशी धक्क्यांचा संबंध आढळतो. १९८० च्या दशकात दक्षिणेला वारणा धरणात पाणी साठू लागल्यावर धक्क्यांचे क्षेत्र त्या बाजूला पसरले, हाही याच तर्काचा पुरावा आहे. जगात बहुतेक ठिकाणी असे धक्के काही वर्षांत थांबले. कोयना-वारणेच्या सुमारे वीस गुणिले तीस किलोमीटरच्या पट्ट्यात ते सहा दशके चालूच आहेत. केंद्र लहान क्षेत्रात आणि फार खोल नसल्यामुळे शास्त्रज्ञांना थेट तेथपर्यंत छिद्र पाडण्याची कल्पना सुचली. कऱ्हाडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली आणि २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक छिद्र पूर्ण झाले. बेसाल्टचा किलोमीटरहून जाड थर भेदल्यावर खाली ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागतो.

आता धरणाविषयी. त्या पहाटे धरण फुटले नाही, मात्र सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच भागांत आडव्या भेगा पडल्या, आणि त्या जेथे मागचा उतार एकदम बदलतो नेमक्या त्याच पातळीला. यामागे बांधकामाचा इतिहास आहे. धरण आधी दोन टप्प्यांत उंच करण्याचे ठरले होते. काम चालू असताना निर्णय बदलून एकदमच पूर्ण उंची गाठली गेली. त्यामुळे खालचा भाग एका आराखड्याचा आणि वरचा भाग दुसऱ्याचा, असा थोडा डोईजड छेद तयार झाला. हादऱ्यात हे वरचे डोके हेलकावले आणि मानेपाशी तडा गेला. पुढे मागच्या बाजूला भक्कम आधारभिंती देऊन हे भाग मजबूत केले, आणि नव्या शतकात सांडव्याचा भागही जाड करण्यात आला. धरणातच बसवलेल्या यंत्रावर त्या धक्क्याची जी नोंद उमटली, ती आज जगभरचे अभियंते आपल्या संगणकीय पद्धती पारखण्यासाठी वापरतात. कोयनेचा एखादा भाग संगणकात न हलवता धरण-भूकंप विषयात पदवी मिळवलेला विद्यार्थी विरळाच.

---

सह्यवाट

तर मग जलाशय पूर्ण न भरणेच शहाणपणाचे, असे म्हणावे का?

---

भूस्तर

तसे म्हणता येणार नाही. भरण्याचा आणि उतरण्याचा वेग आवरता घ्यावा, अशी शिफारस अभ्यासकांनी केलेली आहे. परंतु सह्याद्रीच्या पावसाला ती वाचून दाखवता येत नाही. जुलैत नवजाला आणि महाबळेश्वरला धो धो पाऊस लागला, की जलाशयाची पातळी आपल्या वेगाने वर येते आणि माणसाच्या हाती उरतात ते सांडव्याचे सहा दरवाजे.

---

गव्हर्नर_उघडा

येरळाकाठ यांच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण त्यांना अजून उत्तर मिळालेले नाही. माझे मत स्पष्ट आहे, ते सर्वांना रुचेल असे नाही.

'सगळे पाणी पूर्वेला' ही मागणी अव्यवहार्य आहे. साडेसदुसष्ट टीएमसी उपसा करून दुष्काळी तालुक्यांत चढवायचे, तर तेवढे पंप, तेवढे कालवे आणि मुख्य म्हणजे तेवढी वीज आज कोठेही नाही. त्याचबरोबर 'लवादाने दिले आहे, म्हणून शेवटच्या थेंबापर्यंत पश्चिमेलाच' हा हट्टही आता कालबाह्य होत चालला आहे. कारण दिवसाच्या विजेचे चित्र बदलले. सौरऊर्जेमुळे दुपारी वीज मुबलक असते आणि सूर्य कलताच एकदम तूट येते. अशा वेळी भर दुपारी पोफळीला पाणी सोडणे म्हणजे भरल्या पेवातून उसने काढण्यासारखे आहे. संध्याकाळचे चार तास कोयनेने जरूर धावावे. त्या चार तासांसाठीच ती जन्मली आहे. पण इतर तासांत, निव्वळ युनिटांची भर म्हणून जे पाणी उतरवले जाते, ते कमी पावसाच्या वर्षी वाचवून पूर्वेला देता येईल.

आपली उपसा योजना भर दुपारी सौरऊर्जेवर चालवली, तर आपण मांडलेल्या अडीच-पावणेतीन युनिटांच्या फरकातला खर्चाचा भाग पुष्कळ हलका होतो. स्वस्त तासाला पंप आणि महाग तासाला चक्र. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प याच तत्त्वावर २००८ पासून चालतो : मागणी नसताना पाणी वर चढवायचे, मागणी असताना खाली सोडायचे.

एक अडचण सांगून ठेवतो. पायथा वीजगृहातून एका वेळी २,१०० क्युसेकच पाणी जाते. त्याहून अधिक सोडायचे तर वीज न बनवताच सोडावे लागते. म्हणून पूर्वेचा विसर्ग आधीच आखून, सलग आणि संथ ठेवणे फायद्याचे. आपल्याकडे मागणी येते ती पिके माना टाकू लागल्यावर आणि मोर्चे निघाल्यावर, तीही एकदम.

---

वाशिष्ठीतीर

याला माझी एक पुरवणी. संध्याकाळचे चार तास पूर्ण भार आणि उरलेले वीस तास सामसूम, असे झाले तर वाशिष्ठी रोज चढेल आणि रोज उतरेल. नदीकाठी गुरे धुणारी, कपडे धुणारी आणि होडी लावणारी माणसे असतात. कोळकेवाडीचे लहानसे तळे हा चढउतार थोडा सौम्य करू शकते, तिसरा टप्पा संथपणे चालवला तर. योजना आखताना एवढे ध्यानात असू द्यावे.

---

येरळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या पहिल्या प्रतिसादात दोन दुरुस्त्या करतो. 'हा फरक पिकाने भरून निघतो का' हा प्रश्न मी सर्व युनिटे सारखी धरून विचारला होता, तो मागे घेतो. संध्याकाळच्या युनिटाशी आमच्या डाळिंबाची स्पर्धा नाही, दुपारच्या युनिटाशी आहे. दुसरे असे, की वर्षाचा वाटा एकच आकडा म्हणून न मांडता महिनावार आणि तासवार मांडला, तर आमच्या पाराचे भांडण निम्म्याहून कमी होईल. कोयनेचे जलवर्ष १ जूनला सुरू होते. पुढच्या जूनपासून धरणाची पातळी, पश्चिमेचा आणि पूर्वेचा विसर्ग यांचे रोज प्रसिद्ध होणारे आकडे टिपून ठेवण्याचा मी निश्चय केला आहे. कोणी सोबत करणार असल्यास कळवावे.

---

कांदाटकर

मी सोबत आहे. आमच्याकडे आकडे उशिरा पोहोचतात, पण धक्क्याच्या पायऱ्या मोजता येतात. किती उघड्या पडल्या ते रोज लिहून पाठवीन.